शिवेपर्यंत

१

दुपारी चूल विझली, भांडी पालथी पडली, की रुख्मिणीबाई मागच्या पडवीत येऊन बसायची. तांड्यावरच्या बाकी बाया त्या वेळेला टीव्हीपुढं. हिला त्या डोळे वटारणाऱ्या सासवा बघवायच्या नाहीत. "माझी सासू तसली नव्हती," म्हणायची, आणि अडकित्ता घेऊन पडवी गाठायची.

घर पुढून नवं होतं. सिमेंटचा ओटा, निळा दरवाजा, टिनाचं छत. मागं मात्र काळ्या दगडाचं जोतं, आणि त्यावर दोन दगडी खांब. निजामाच्या काळात हिंगोलीला पलटण होती. त्या पलटणीतला कुणी गोरा नोकरी सोडून इकडं गोरेगावच्या अंगाला आला आणि बैलांचा व्यापार करत राहिला, असं म्हातारे सांगायचे. तांडे तेव्हा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. त्यांना बैल लागायचे, त्याला गिऱ्हाईक. तो गेला, त्याचं छप्पर गेलं, जोतं राहिलं. हिरासिंगच्या आज्यानं, पुनमचंदनं, त्याला टेकून घर उभं केलं. हिरासिंग म्हणजे रुख्मिणीबाईचा नवरा.

पडवीत बसलं की आवाज यायचा. डाव्या खांबाकडून. टक, टक, टक. मग जरा थांबून, टक.

लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं सासूला विचारलं होतं, "याडी, कोण वाजवून राहिलं?"

झमकीबाई ज्वारी पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "धोळो हाये. चिलीम झाडतोय."

धोळो म्हणजे पांढरा. बस, तेवढंच त्याचं नाव.

रुख्मिणी चौथी शिकलेली. उन्हानं दगड तापतो, तडतडतो, हे कळायला चौथी बी लागत नाही. "दगूड तापला असंल," ती म्हणाली.

"असंल," सासू हसली. "पर हिवाळ्यात बी तापतोय बग तो."

तेव्हापासून किती हिवाळे गेले. आवाजाची तिला इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी तो उशिरा आला तर सुपारी कातरता कातरता तिचा हात थांबायचा.

२

झमकीबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. पण तिचा फेटिया, तांड्याच्या बायांचा घागरा, आतल्या खोलीत खुंटीला होता तिथंच होता. लाल घेराचा, आरशांचा, कवड्यांचा, खाली घुंगरांची ओळ लावलेला. सुनेनं, नितानं, एकदा तो धुऊन पेटीत ठेवते म्हटलं होतं. रुख्मिणीबाईनं तिच्याकडं असं बघितलं की पोरीनं साबण जागेवर ठेवला.

सकाळी भाकरी थापताना वारं आलं की तो फेटिया हलायचा. छुन. छुन. पिठाच्या डब्याशी कुणी येऊन उभं राहावं तसा. रुख्मिणीबाई मान न वळवता म्हणायची, "व्हय, मीठ घातलं." ते ती वाऱ्यालाच म्हणायची. वारं आहे, हे तिला बराबर ठाऊक होतं. पण कुठं वारं नसलं तरी म्हणायची.

सासूनं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. मारून नाही, करून.

एक म्हणजे, पाव्हणा निघाला की त्याला शिवेपर्यंत सोडायचं. दारातून हात जोडून वाटं लावणं ही तांड्याची रीत नाही. झमकीबाई गुडघे धरून चालायची तेव्हासुद्धा पाव्हण्यामागं निघायची. एकदा पीकविम्याचा माणूस मोटरसायकलवर आला होता. त्याला काही केल्या गाडी सुरू करू देईना. त्यानं बिचाऱ्यानं शिवेपर्यंत गाडी ढकलत नेली, ही शेजारी छुनछुनत. शिवेचा दगड आला, की ती थांबायची, दगडाला हात लावायची आणि माघारी फिरायची. दगडाला हात लावल्याशिवाय कधी फिरली नाही.

दुसरी गोष्ट काळ्या अमावास्येची. आपली दिवाळी. त्या दिवशी चुलीतला विस्तव पुढं ओढून त्यावर लापशी-तुपाचा घास टाकायचा आणि गेलेल्यांना एकेक नाव घेऊन हाक मारायची. घरच्यांचं झालं, की झमकीबाई एक घास पानावर घ्यायची, मागचा दरवाजा उघडायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि तोंड फिरवायची. नाव नाही, हाक नाही.

"त्याचं नाव काय व्हतं, याडी?"

"ठावं न्हाई, आन् नको बी. भुकेल्याला घास द्यावा. नाव घेतलं की तो घरचा व्हतो."

"झाला तर झाला."

"मंग घरात जागा किती हाये?" झमकीबाई म्हणाली होती. "एक आत आला की एकाला उठावं लागतं."

३

यंदा सोयाबीन घरात आली आणि दिवाळीच्या तोंडावर एक पांढरी गाडी तांड्यावर येऊन थांबली. आतून उंच, हाडापेरानं मोठी, सत्तरीकडं झुकलेली बाई उतरली. तोंडभर तांबूस ठिपके. ऊन लागून नाक सोललेलं. गळ्यात चष्मा, काखेत कागदांची पिशवी.

नूला तिचं नाव. आयर्लंडची. निता डी.एड. झालेली, तिला इंग्रजी येत होतं, म्हणजे अडखळत येत होतं. बाई बोलायची, निता ऐकायची, कपाळाला आठ्या घालायची आणि सांगायची.

बाईच्या मुलखात दर्याच्या काठाला तिचं वडिलार्जित घर आणि एक शेत होतं. तीन बाजूंनी दगडी बांध, चौथ्या बाजूला समुद्र. तिकडं बी आपल्यासारखाच घर-जमिनीचा जुना दप्तरखाना. दर काही वर्षांनी कारकून यायचा, जुना कब्जेदार खोडायचा, नवा लिहायचा. त्यात एका जागी दोन भाऊ होते. पुढं एकच. दुसरा मेला म्हणावं तर कबर नाही, विकून गेला म्हणावं तर व्यवहार नाही. ही बाई नोकरीतून मोकळी झाल्यापासून त्या खोडलेल्या माणसामागं लागली होती. पलटणीत शिरला हे कळलं. हिंगोली कळली. मग इथल्या जुन्या जमिनीच्या नकलेत त्याचं नाव निघालं, चारी शिवांसकट. पूर्वेला ओढा, पश्चिमेला तांड्याची वाट, उत्तरेला चिंच, दक्षिणेला बारव.

हिरासिंगनं मान वळवून चिंचेकडं बघितलं. बारव त्याच्या बापानं बुजवली होती.

रुख्मिणीबाई उठली, आत गेली, नवऱ्याला खुणेनं बोलावलं. "आवं, सातबारा कुठंय?"

"पेटीत."

"काढा आन् बंडीत घाला."

"रुखमे, फेरफार आज्याच्या नावानं झालेला हाये. ती काय घर उचलून नेती का?"

"कागद घिऊन आलेलं माणूस कागदच मागतं. आपल्या ओट्यावर बसून आपल्यालाच शीव दाखवून राहिली ती." ती बाहेर आली. "निते, इचार तिला. घर पायजे का तुला म्हणावं."

"आत्या, असं तोंडावर इचारत न्हाईत."

"मंग काय पाठीवर इचारू?"

निता लालबुंद झाली, पण विचारलं. नूलाबाईनं रुख्मिणीबाईकडं नीट बघितलं. चिडली नाही. दोन्ही हात नाही-नाही असे हलवले आणि हळू काहीतरी म्हणाली.

"घर नको म्हणती," निता म्हणाली. "त्यो पायजे म्हणती."

४

चहा पडवीत झाला. बाई खाली जोत्यावरच बसली, पाय पसरून. दगडावरून हात फिरवत होती. तिच्याकडं कसं असतं ते सांगत होती. हिवाळ्याच्या तोंडाला एक दिवस असतो, त्या दिवशी मागच्या दाराला कडी घालत नाहीत. चुलीजवळ एक खुर्ची मोकळी ठेवतात, घरातून गेलेल्यांसाठी. तिची आई ठेवायची, आजी ठेवायची. "आता मीच राहिले," बाई म्हणाली. "लग्न नाही, लेकरू नाही. मी गेले की ती खुर्ची कोण मांडणार? म्हणून जो बाहेर राहिला त्याला आधी घरी न्यायचा."

हे निता सांगत असताना डाव्या खांबाकडून आवाज आला.

टक, टक, टक. आणि टक.

नूलाबाईनं कपबशी खाली ठेवली. ती उठली. खांबापाशी गेली, मागं बघितलं, वर बघितलं. मग आपल्या बोटाच्या पेरानं दगडावर तसंच वाजवलं. तोंड पांढरं पडलेलं, आणि डोळ्यांतून पाणी.

"तिचा बाप असाच पाइप झाडायचा," निता कुजबुजली. "आज्जा बी. घरातला येक येक बाप्या असाच झाडायचा म्हणती. तीनदा, मंग दम खाऊन येकदा."

"दगूड तापतो," रुख्मिणीबाई म्हणाली.

निता सासूकडं बघायला लागली. सावली केव्हाच पडवीवर आली होती.

खरं सांगायचं तर रुख्मिणीबाईला त्या घडीला भीती वाटली नाही. राग आला. इतकी वर्षं आपण ऐकलं, आपण घास ठेवला, आणि ही कुठून सातासमुद्रापलीकडून येऊन म्हणते आमचा. पण रागाच्या मागोमाग तिला सुटल्यासारखंही झालं. चिंच, ओढा, वाट, सगळं जुळत होतं. आज ही म्हातारी आली, उद्या हिचा कुणी पुतण्या-भाचा वकील घेऊन येईल. त्याच्यापरीस आपलं माणूस घ्या आन् जा. मुळासकट जा. दगडाशी तुमचं काही राहिलं नको.

"परवा अमावास्या हाये," ती म्हणाली. "तिला म्हणावं थांब. आमी तुझ्या माणसाला नावानं हाक मारतो. मंग तू न्हे."

आत, वारं नसताना, फेटिया वाजला. एकदाच. डब्याचं झाकण कुणी पटकन लावावं तसा.

५

अमावास्येच्या सकाळी हिरासिंग आंघोळ करून चुलीपुढं बसला. विस्तव पुढं ओढला. लापशीचा घास, वर तुपाची धार. नाव घ्यायचा, टाकायचा. प्रत्येक घास चर्र करायचा, धूर व्हायचा, गोड वास घरभर. पुनमचंद. मग बाप. मग झमकी याडी. आईच्या नावाला त्याचा आवाज दरवर्षी बसायचा, याही वर्षी बसला.

नूलाबाई मागच्या दारात उभी होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली, नितानं दिली होती.

"आता त्याचं," रुख्मिणीबाई म्हणाली.

"त्याला भाईर ठिवतेत. माय नाव घ्यायची न्हाई."

"तुमची माय गेली. ज्याचं माणूस त्यानं न्यावं. आपण काहून सांभाळावं? घ्या नाव."

"रुखमे..."

"घ्या म्हणते न!"

हिरासिंगनं बायकोपुढं कधी जिंकलेलं नव्हतं. त्यानं बाईकडं बघितलं, तिनं दोनदा नाव सांगितलं. त्यानं घास उचलला. "डोनल," म्हणाला, आणि टाकला.

घास चर्र झाला नाही. लाल विस्तवावर पडला आणि तसाच राहिला. तूप वितळलं नाही. धूर नाही, वास नाही. पाणी पडल्यासारखा त्याच्याखालचा निखारा काळा झाला, एवढंच.

नूलाबाईनं दारातून हात पुढं केला, जसा म्हाताऱ्या माणसाला उठवायला करतात, आणि आपल्या बोलीत दोन शब्द म्हणाली. इंग्रजी नव्हतं ते. नितानं नंतर विचारून घेतलं. "चल, घरी चल", एवढंच. नाव घ्यायचं मात्र राहून गेलं.

खुंटीकडून छुन झालं. मग खोलीच्या मधून. मग दाराशी.

गाडी निघाली. नूलाबाईनं रुख्मिणीबाईला मिठी मारली, रुख्मिणीबाई लाकडासारखी उभी राहिली. घर वाचलं होतं. तिला आता फक्त गाडी जायला हवी होती. दारातूनच हात जोडले, "या," म्हणाली, आणि फिरली.

"आत्या, शिवेपर्यंत?" नितानं विचारलं.

"गाडीत बसल्यावर काय शिवेपर्यंत? धावू का मागं?"

धूळ वाटेवर लांबत गेली. त्या धुळीत घुंगरांचा आवाज होता, जवळ जवळ पडणाऱ्या पावलांचा, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या घाईचा. शेजारच्या ग्यानोबाच्या शेळ्या असतील, रुख्मिणीबाई मनाशी म्हणाली. शेळ्या त्या वेळी ओढ्याकडं होत्या.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीत बसली. आवाज नाही. "गेला म्हणायचा," तिनं अडकित्ता उघडला. बरं वाटायला हवं होतं. सुपारी कातरून झाली तरी ती तशीच बसून राहिली, आणि कोण जाणे काहून, तिला झमकीबाईच्या हातची लापशी आठवत राहिली. तिचा हात धरून पहिल्यांदा विस्तवापुढं बसवलं होतं ते. "भिऊ नको, आपलीच माणसं हायेत," म्हणाली होती ते.

मग आवाज आला. टक, टक, टक. टक.

आतून. चुलीच्या दगडावरून.

रुख्मिणीबाई उठून आत गेली. चूल गार. राख होती तशी. चुलीजवळची तिची बसायची जागा, पाट, जरा तिरका झालेला. ओल्या चामड्याचा, शिळ्या तंबाखूचा वास. हिरासिंगचा म्हणावा तर तो तंबाखू सोडून बसला होता.

तिनं पंखा लावला. फेटिया खुंटीवर हलला. आरसे एकमेकांवर आपटले, कवड्या भिंतीला लागल्या, घुंगरं घुंगरांवर पडली. आवाज नाही. तिनं पंखा बंद केला, दोन्ही हातांनी घेर धरला आणि झटकला. पुन्हा झटकला. घुंगरू तिच्या बोटांत थरथरलेलं कळत होतं. कान मात्र रिकामे. बाहेर कोंबडं आरवलं ते बराबर ऐकू आलं.

त्या दिवसापासून ती मागची चूल टाळून पुढं गॅसवर स्वयंपाक करायला लागली. "आता सुधारलीस," हिरासिंग म्हणाला. त्याला एक शिवी बसली.

तूर फुलात आली तेव्हा नूलाबाईचा व्हिडिओ कॉल आला. नितानं मोबाईल चहाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर नूलाबाईचं स्वयंपाकघर, काचेवर पावसाचं पाणी, चुलीजवळ ती मोकळी खुर्ची. बाई तरुण झाल्यासारखी दिसत होती. भरभर बोलत होती.

"आला म्हणती," निता सांगायला लागली. "घरी आला. दुपारी मागच्या दाराशी बारीक बारीक वाजतं म्हणती. पिठाचा डबा सकाळी उघडा असतो. कणीक भिजवायला बसलं की कुणी जवळ येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणती, लई बरं वाटतं. आत्या, ती इचारती, तो पायात..."

नूलाबाईनं बोट ओठावर ठेवलं. ऐका.

डब्याला टेकलेल्या त्या एवढ्याशा मोबाईलमधून, पावसाच्या मागून, आलं. छुन. छुन. छुन.

रुख्मिणीबाईनं मोबाईल दोन्ही हातांत उचलला. "याडी!"

आवाज थांबला. कुणी हाक ऐकून पाऊल जागेवर धरावं तसा.

"याडी, माघारी फिर! आगं गाडीनं गेलेल्या पाव्हण्यामागं कुणी एवढं जातं का? मी सोडायला पायजे व्हतं, मी! निते, तिला सांग, वावराच्या शिवेवर जा म्हणावं. शिवेचा दगूड दाखव म्हणावं. हात लावला की फिरंल ती."

निता रडकुंडीला आली होती, पण तिनं सांगितलं, जसं जमेल तसं. नूलाबाईला काय कळलं कोण जाणे. ती हसली, मायेनं हसली, उठली आणि मोबाईल मागच्या दारातून बाहेर काढला. हिरवं शेत, उतरत जाणारं. त्याच्या टोकाला करडं पाणी, आणि पाण्याच्या टोकाला काहीच नाही.

"त्या अंगाला शीव न्हाईच म्हणती," निता म्हणाली. "समुद्र हाये."

छुन, छुन, असा आवाज उताराला लागला. खाली गेला. मग तसाच वर आला. पुन्हा खाली. दगड शोधत असल्यासारखा.

७

तेव्हापासून रुख्मिणीबाई घरात फारशी बसत नाही. दुपार झाली की पडवीत, डाव्या खांबाशी. हिरासिंग म्हणतो, आत ये, ऊन लागंल. ती म्हणते, आलेच.

अडकित्त्याची मूठ ती दगडावर वाजवते. तिथं ऐकू जाईल अशी जोरात. याडीला वाट कळायला पाहिजे, घर कोणत्या अंगाला आहे ते कळायला पाहिजे. थोडं वाजवते, दम खाते, पुन्हा एकदा वाजवते. ते कसं वाजतंय हे तिच्या ध्यानातही येत नाही.

परवा दिवसभर ती तिथंच होती. जेवणवेळ झाली. मागचा दरवाजा उघडला आणि निता आली. हातात पान होतं, पानावर घास.

"निते, ताटात काहून न्हाई गं?" रुख्मिणीबाई म्हणाली.

नितानं पान उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि तोंड फिरवलं.

"निते? आगं, आत बोलव की मला. हाक मार."

दरवाजा लागायच्या आधी क्षणभर तिला आतलं दिसलं. मागची चूल पेटलेली होती. हिरासिंग जेवत होता, कुणाचं तरी ऐकून मान डोलवत. आणि तिच्या पाटावर, तिच्या जागी, पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. पाय मांडी न घालता लांब पसरलेले.

कडी लागली.

रुख्मिणीबाई पानाकडं बघत बसली. मग तिनं घास उचलला. गार होता. खाऊन झाल्यावर पदराला हात पुसले, अडकित्ता घेतला आणि खांबाशी सरकून बसली.